दुसऱ्या प्रयत्नाचं वर्ष

तुम्हा दोघांसाठी हे लिहिते आहे. त्यातलं बरंचसं थोरलीसाठी आहे, पण धाकट्यानेही ऐकायला हरकत नाही. बोललेली मराठी तुम्हाला सगळी कळते, लिहिलेली वाचताना मात्र दम लागतो, हे मला माहीत आहे. म्हणून आईकडून वाचून घ्या. काही ठिकाणी तिला लाज वाटेल आणि तेवढं ती गाळायला बघेल. गाळू देऊ नका.

आत्ताच लिहायचं कारण असं. गेल्या रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, आईला त्या कॉलेजात ॲडमिशन कशी मिळाली? मी विचारलं की नुसतं 'अभ्यास केला' म्हणते." पुढच्या वर्षी तिला स्वतःलाच अर्ज करायचे आहेत आणि ज्या युनिव्हर्सिटीचं तिच्या मनात आहे तिथे अर्ज करणारे फार आणि घेतले जाणारे थोडे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजोबांनी फोन हातात घेतला आणि गोष्ट सुरू केली. त्यांची गोष्ट रंगते, पण दर वेळी तिच्यात थोडं मीठ वाढतं. या वेळी तर पोस्टमन रडला असं सांगितलं. पोस्टमन रडला नव्हता, हसला होता. आणखी काही वर्षांनी खरं काय झालं ते मलाही सांगता येणार नाही, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही भिलाईला, सेक्टर दहामध्ये स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणाच्या दारापलीकडे मागची गल्ली. आजोबा रेल मिलमध्ये होते, रेल्वेचे रूळ बनतात तिथे. ते गोंदियाकडच्या धानाच्या शेतीवाल्या घरातले. आयटीआय करून इथे आले आणि इथलेच झाले. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली. सासरी सगळ्यांना वाटायचं, सून एवढी इंग्रजी शिकली आहे म्हणजे मुलं हुशार निघणारच. पण तुमच्या आईला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची जी मोठी परीक्षा द्यायची होती तिच्यात इंग्रजीचा पेपरच नव्हता. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित. प्रश्नातला प्रत्येक शब्द मला कळत असे आणि प्रश्न कळत नसे.

भिलाईला त्या परीक्षेचं वेड जुनं आहे. लग्नात, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत कोणी भेटलं की पहिला प्रश्न "बच्ची कौन सी क्लास में है?" आणि दुसरा "कोचिंग कहाँ लगाई?" तब्येतीची चौकशी त्यानंतर.

बारावीबरोबर तुमच्या आईने पहिल्यांदा परीक्षा दिली आणि तिचा नंबर लागला नाही. दुर्गच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मात्र सीट मिळत होती, आणि ती काही वाईट नव्हती. गोंदियाहून माझ्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, भेटून राहिली ते सीट घ्या ना. पोरीच्या जातीले सालभर घरी बसवून काय करता? लोक काय म्हणतीन?"

नणंद चुकीचं बोलत होती असं मला आजही वाटत नाही. परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती. तेव्हा नाही झालं तर हातची सीटही गेलेली आणि वर्षही गेलेलं.

संध्याकाळी तुमची आई आजोबांसमोर येऊन उभी राहिली. "बाबा, मले एक साल द्या. नाही झालं ना, तर तुमी म्हणाल तिथं जाईन. रडणार बी नाही."

आजोबांनी हातातला चहा खाली ठेवला. मग मला म्हणाले, "आमच्या मिलमधी रेल निघते ना लाल-लाल, तिले कोणी तसंच उचलून गाडीवर टाकत नाही. थंडी होईपर्यंत कूलिंग बेडवर पडू देतेत. हे तं पोरगी आहे. पडू दे एक साल."

"पडू नको, अभ्यास कर म्हणावं," मी म्हटलं.

"मी तेच म्हणून राहिलो."

असं ते वर्ष सुरू झालं. शेजारच्या क्वार्टरमध्येही तेच झालं होतं. आमची शेजारीण बालोदकडच्या गावची छत्तीसगढी बाई, तिचे यजमान प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, आणि त्यांची मुलगी तुमच्या आईच्याच वर्गातली. तिचाही नंबर लागला नव्हता, तिलाही आणखी एक वर्ष मिळालं होतं. दोघी सकाळी सायकलने कोचिंगला जात, दुपारपर्यंत परत येत आणि आपापल्या घरी अभ्यासाला बसत.

तुमच्या आईची शिकायची एक रीत होती. दिवसभर जे गणित सोडवलं असेल ते संध्याकाळी ती आजोबांना समजावून सांगे. आजोबा चहा पीत ऐकत आणि प्रत्येक पायरीला कारण विचारत, एकाच शब्दात, "कावून?"

"कावून म्हणजे? फोर्स लागला म्हणून."

"अन् फोर्स कावून लागला?"

"बाबा, तुमाले समजून नाही राहिलं."

"मले तं नाहीच समजून राहिलं. तुले समजलं का, तेवढंच पाहून राहिलो."

ती चिडून उठायची, वही आपटायची. थोड्या वेळाने खोलीतून आवाज यायचा, "बाबा, सापडलं!" खूपदा ती अडली होती ती जागा त्या "कावून"पाशीच निघायची.

हे संध्याकाळचं झालं. दुपार कठीण होती. तिला शांतता लागायची, आणि आमच्या लाइनीत, म्हणजे क्वार्टरच्या त्या ओळीत, सगळं होतं, शांतता तेवढी नव्हती. दारं दिवसभर उघडी. कोणी विरजण मागायला यायचं, कोणी कढीपत्ता, कोणी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन. आणि आलेली बाई उभ्या उभ्या जात नसे. मी नीटनेटकी, वेळेची पक्की म्हणून लाइनीत प्रसिद्ध होते, थोडी बदनामही होते. तरी दारात आलेल्या बाईला "आत्ता नको" म्हणायची माझी छाती नव्हती.

आता आमच्या लाइनीतली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या घरचा माणूस नाइट शिफ्ट करून सकाळी येऊन झोपला असेल, त्या घरची बाई त्याचे सेफ्टी शूज बाहेरच्या पायरीवर मांडून ठेवी. बूट पायरीवर दिसले की बेल वाजवायची नाही, त्या दारापुढे पोरांनी क्रिकेट खेळायचं नाही, भाजीवाल्याने हाक मारायची नाही. हा नियम कोणी घातला ते माहीत नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. रात्रभर भट्टीजवळ राबून आलेल्या माणसाची झोप मोडणं याच्याएवढं दुसरं पाप आमच्याकडे नव्हतं.

एका दुपारी दोन बायका हळदीकुंकवाच्या साड्यांवर बोलत आमच्या बाहेरच्या खोलीत दीड तास बसल्या. आत तुमची आई कानात बोटं घालून बसली होती. आजोबांची त्या दिवशी सुट्टी होती. त्या गेल्यावर ते उठले, माळ्यावरून आपले जुने, टाच गेलेले सेफ्टी शूज काढले आणि माझ्यापुढे ठेवले.

"हे ठेव पायरीवर."

"अहो, तुम्ही तर चांगले जागे आहात."

"मी झोपलो का जागा, बुटाले काय समजते?"

"खोटं आहे ते."

"खोटं कावून? घरात मेहनतीचं माणूस आहे ना. तिच्या मापाचे बूट नाहीत, एवढंच."

मी ठेवले. आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात कोणी येईना. फक्त आजोबांची पंचाईत झाली. पायरीवर बूट म्हणजे माणूस आत झोपलेला. मग ते पुढच्या दाराने कसे निघणार? पहिल्या पाळीला असले तर दुपारी मागच्या गल्लीतून सायकल हातात धरून, आवाज न करता, चोरासारखे स्वतःच्या घरात शिरायचे. दुपारपाळी असली तर तसेच बाहेर पडायचे. जेवताना आम्हा तिघांनाही हसू आवरत नसे.

शेजारणीला काही लपून राहण्यासारखं नव्हतं. अंगणाच्या भिंतीवरून ती म्हणाली, "क्यों भाभी, भाईसाहब की नाइट शिफ्ट इस साल खतम होगी कि नहीं?"

"क्या करें, प्लांटवाले छोड़तेच नहीं," मी म्हटलं. माझं हिंदी हे असंच आहे.

"अच्छा. और दोपहर को पीछे से साइकिल लेकर जो घुसता है, वो कौन है?"

ती पोट धरून हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मेरे यहाँ भी दिन भर मेला लगा रहता है। जूते पुराने वाले रखे हैं या नए?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायरीवरही बूट आले. शेजारीशेजारी दोन घरं, दोन्हींचे कर्ते पुरुष रोज दुपारी झोपलेले. लाइनीत कोणी काही विचारलं नाही. त्या वर्षीचा पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडीत मी दुपारी अंगणात स्वेटर विणत बसे आणि आतून पेन्सिलीचा आवाजसुद्धा ऐकू येई.

परीक्षा जवळ आली. प्रवेशपत्र रजिस्टर पोस्टाने यायचं होतं. कोचिंगमधल्या मुलांना ते यायला लागलं. आज याचं आलं, उद्या तिचं आलं. आमच्या पोरीचं येईना. शेजारणीच्या मुलीचंही येईना. दोघींची तोंडं सुकली. तुमची आई पुस्तक उघडून बसे आणि पान उलटत नसे.

"फॉर्ममधीच गलती झाली असन," ती म्हणायची. "आई, सही केली होती ना मी?"

"केली होती. माझ्यासमोर केली."

"फोटोवर बी?"

"फोटोवरही."

शेवटी मी कागद घेतला आणि परीक्षेच्या ऑफिसला इंग्रजीत अर्ज लिहिला. कॉन्व्हेंटमधलं सगळं शिक्षण त्यात ओतलं. शेजारणीच्या मुलीसाठीही तसाच दुसरा लिहिला. आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बहुत भारी लिहिलं. हे वाचून ते लोक परीक्षा न घेताच सीट देतीन. पण आधी पोस्टात विचारून येतो."

आजोबा आणि शेजारचे भाईसाहब, दोघं मिळून पोस्टात गेले. तिथे आमच्या भागाचा पोस्टमन टपाल लावत बसला होता. दोघांना एकत्र पाहून तो उठूनच उभा राहिला.

"अरे साहब! आप दोनों जाग गए?"

"मतलब?"

"मतलब रजिस्ट्री पड़ी है, दोनों घर की। रोज लेकर जाता हूँ। रोज जूते बाहर। मेरे पिताजी भी कोक ओवन में थे साहब, मुझे मालूम है नाइट के बाद की नींद। घंटी बजाने का जी नहीं हुआ। सोचा कल दे दूँगा, परसों दे दूँगा।" मग त्याने हळूच विचारलं, "पर साहब, इतनी नाइट कौन लगा रहा है आपकी? यूनियन में बोलिए ना।"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आजोबांनी खरं ते सांगितलं. पोस्टमन इतका हसला की आतून त्याचे साहेब बघायला आले. ही ती जागा, जिथे आजोबा त्याला रडवतात. सही घेताना तो म्हणाला, "आज नहीं आते तो कल वापस भेजनी पड़ती।" हे आजोबांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही, परीक्षा झाल्यावर सांगितलं. ते बरं केलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही घरांनी बूट आत घेतले. मला वाटलं, झालं, आता उद्यापासून पुन्हा विरजण आणि कढीपत्ता. पण पोस्टमनने दारोदार टपाल देता देता ही गोष्टही वाटली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पायरी रिकामी होती आणि तरी कोणी आलं नाही. भाजीवाला आमच्या दोन घरांपुढून हाक न मारता गाडी पुढे घेऊन गेला आणि कोपऱ्यावर जाऊन ओरडला. पोरांनी विकेट दुसऱ्या टोकाला मांडल्या. साड्यांवर बोलणाऱ्या त्या दोघींपैकी एक मला बाजारात भेटली. म्हणाली, "अगं, बूट कशाला ठेवायचे? सांगायचं नाही का आम्हाला? आम्हाला काय लेकरं नाहीत?" परीक्षेपर्यंत सगळी लाइन आमच्या दारापुढून हळू पावलांनी गेली.

परीक्षेचं केंद्र रायपूरला होतं. आम्ही दोन्ही घरं मिळून सकाळच्या लोकलने गेलो. मुली आत गेल्यावर आम्ही बाहेर सावलीत बसलो. बाहेर आईबापांची गर्दी होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या मुलाचं कोचिंग विचारत होता. राजनांदगावचे एक गृहस्थ आजोबांना म्हणाले, "आपने घर पर कौन सा टीचर रखा था?" आजोबा म्हणाले, "हमने जूते रखे थे।" त्यांना काही कळलं नाही. ते बिचारे जरा लांब सरकून बसले.

निकाल लागला त्या दिवशी दोन्ही मुली सायकलने सिव्हिक सेंटरच्या कॅफेत कॉम्प्युटरवर बघायला गेल्या. परत आल्या तेव्हा मी फाटकात उभी होते. दोघी शेजारीशेजारी सायकली हातात धरून चालत येत होत्या, आणि तुमची आई रडत होती. मला वाटलं, संपलं. मग शेजारणीची मुलगीच म्हणाली, "आंटी, इसका हो गया। बताइए, ये रो रही है!"

"आणि तुझं, बेटा?"

तिने मान हलवली. तिचं झालं नव्हतं.

आमच्या घरात आनंद होता आणि तो मोठ्याने करता येत नव्हता. आजोबा आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले आणि चष्मा पुसत राहिले. मी साखर आणली आणि ती कोणाच्या हातावर ठेवायची ते कळेना. मधली भिंत एका विटेची, आमचं हसणं तिकडे ऐकू गेलं असतं. तुमची आई म्हणाली, "मी जाऊ तिकडे?" मी म्हटलं, "थांब जरा." कधी जावं, काय बोलावं, याचा मी विचार करत होते.

माझा विचार पूर्ण व्हायच्या आत शेजारीणच आली. पुढच्या दाराने, बेल वाजवून. तिच्या हातात ताटलीत गरम चीले, म्हणजे तांदळाच्या पिठाची धिरडी होती. घरात त्या वेळी तेवढंच असावं. तिने तुमच्या आईचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, घास भरवला, "जीयत रह बेटी" असा आशीर्वाद दिला आणि मग माझ्याजवळ खाली बसली. बसल्यावर तिचे डोळे भरले.

"मेहनत तो मेरी वाली ने भी उतनी ही की थी, भाभी।"

"हो," मी म्हटलं. "उतनीच की थी।"

ते खरंच होतं. त्या दोन मुलींत काय फरक होता ते मी तेव्हाही शोधलं आणि आजही मला सापडलेला नाही. एखाद-दुसरा प्रश्न असेल. एखादी सकाळ बरी गेली असेल.

थोरले, तू विचारलंस, काय लागतं? अभ्यास लागतो, तो तुझी आई सांगतेच. त्याशिवाय आजूबाजूची माणसं लागतात, आणि ती किती आहेत हे बहुधा नंतर कळतं. आणि हे सगळं असूनही कधी होतं, कधी होत नाही. तुझं झालं तर आजोबा त्यात मीठ घालून आम्ही आता राहतो त्या सगळ्या बोरसीला सांगतील. नाही झालं तर तू दुसरीकडे शिकशील, आणि आम्ही तेवढ्याच आनंदाने रविवारी फोन करू. हे मी धीर द्यायला लिहीत नाही. मी दोन्ही मुली पाहिल्या आहेत, म्हणून लिहिते.

तुमची आई त्या कॉलेजात गेली, शिकली, पुढे तुमच्या बाबांना भेटली आणि तुम्ही आहात तिथे पोचली. शेजारणीच्या मुलीने दुर्गच्या कॉलेजात सीट घेतली, तिथे पहिली आली, आणि आज ती प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. रेल मिलमध्येच. आजोबा तिला म्हणतात, "आमच्या टाइमले असं नव्हतं," आणि ती म्हणते, "अंकल, आपके टाइम में मैं नहीं थी ना।" माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा गाडी तीच चालवत होती. तुमची आई इतक्या लांबून येऊ शकली नाही, आणि तिने यावं असं मला वाटलंही नाही, कारण इथे सोय होती.

सेक्टर दहाचं क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागलं. आता तिथे कोण राहतं ते मला माहीत नाही. बऱ्याच घरांत आता नाइट शिफ्टचा माणूसच नाही आणि बायका फोन केल्याशिवाय एकमेकींकडे जात नाहीत. आम्ही बोरसीत घर बांधलं. शेजारणीने त्याच गल्लीत, दोन घरं सोडून. त्या वर्षीच्या निकालानंतर आमच्या दोन घरांत एकदाही अंतर आलं नाही. ती रोज दुपारी माझ्याकडे येते, आम्ही चहा घेतो. ती मैत्री अजून आहे.